पाणी पाठीमागून येतं

गोव्यातल्या पेडण्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. गेली एकोणीस वर्षं मी लग्नांचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो. हळदी, साखरपुडे, मुहूर्त, एका दिवसात दोन-दोन हॉल. आणि पौष लागला की सगळं एकदम थांबतं, कारण पौषात आमच्याकडे लग्न काढत नाहीत. पूर्वी हा महिना मी आल्बम पुरे करण्यात आणि राहिलेले पैसे वसूल करण्यात घालवायचो. आता वर्षभर पौषाची वाट बघतो. मला काम नसतं नेमक्या त्याच महिन्यात हरमलच्या समुद्रकाठच्या खडकांवर कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी उतरलेले असतात.

गिऱ्हाईक तारीख ठरवायला आलं की भिंतीवरचं कालनिर्णय काढून मुहूर्त बघायचा, ही स्टुडिओतली जुनी सवय. त्याच पानांवर आता मी पेन्सिलीने गोल करून ठेवतो. पौर्णिमा, अमावस्या आणि त्यांच्या पुढचे-मागचे दोन-दोन दिवस. ते गोल भरती-ओहोटीचे आहेत. ते करायला शिकेपर्यंत माझे दोन पौष गेले आणि तिसऱ्या पौषात एक कॅमेरा गेला.

सुरुवात चुकीचीच झाली. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मी मोरजीच्या टेंबावर गेलो होतो. तिथे शापोरा नदी समुद्राला मिळते आणि वाळूच्या पट्ट्यावर कुरवांचे मोठे थवे बसतात. माझ्याकडे लग्नातली सत्तर-दोनशे मिलिमीटरची लेन्स होती. तिच्यातून पक्षी फार लहान दिसत होते, म्हणून मी चालत चालत पुढे गेलो. शंभर फुटांवर थवा उठला. मी बोट शटरवरून उचललंच नाही. शे-दीडशे पंख, मागे पिवळसर आकाश, खाली वाळूवर सावल्या. त्यातला एक फोटो मी तीस इंची करून काउंटरच्या मागे लावला. येणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघायचा.

एक दिवस म्हापशाचे एक निवृत्त शिक्षक पासपोर्ट फोटो काढायला आले. पक्षी बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी तो फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ह्यांना उडवलं कोणी?" मी म्हटलं, आपणच उडाले. ते फोटोजवळ गेले, चष्मा वर केला आणि बोट ठेवून दाखवू लागले. "हा बघा, हा बघा, हाही. सगळ्यांच्या शेपट्या तुमच्याकडे आहेत. तुमच्यापासून पळतायत हे."

सहा महिने मी तो फोटो रोज बघत होतो. त्यात एकाही पक्ष्याचा डोळा नाही, हे मला दिसलं नव्हतं. नवरा-नवरीची पाठ असलेला फोटो मी आल्बममध्ये पहिल्या पानावर कधी लावला असता का?

सरांनीच मग सांगितलं की ते तपकिरी डोक्याचे कुरव होते. लडाख-तिबेटकडच्या आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी त्यांची वीण होते. थंडीत ती सरोवरं गोठतात, म्हणून हिमालय ओलांडून ते आमच्या किनाऱ्यावर येतात. इथे असताना खायचं, पिसं नीट करायची, अंगात चरबी साठवायची आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघायचं. थवा विनाकारण उठला की प्रत्येक पक्षी त्या साठ्यातलं थोडं खर्चतो. सकाळभरात किनाऱ्यावरची कुत्री दोनदा उठवतात, पळायला आलेली माणसं दोनदा, आणि पाचवा मी. मोरजीला कुत्री कुरवांच्या मागे लागलेली मी अनेकदा बघितली होती आणि मला त्याचं वाईटही वाटायचं. मी वेगळं काय केलं होतं?

फोटो मी त्याच संध्याकाळी उतरवला.

पुढच्या रविवारी सर मला हरमलला घेऊन गेले. कॅमेरा आणू नका म्हणाले. हरमलच्या मोठ्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला डोंगराच्या कडेने, दुकानांच्या मधून एक पायवाट जाते. ती उतरली की छोटा किनारा लागतो. त्याच्या पाठीमागे झाडीत गोड्या पाण्याचं तळं आहे. पर्यटक तिथपर्यंत येतात आणि थांबतात. त्याच्या पुढे केरीच्या बाजूला नुसते खडक. वर जांभ्याचा तांबडा कडा आणि खाली काळे, धारदार, पाण्याने झिजून भोकं पडलेले दगड. आम्ही तिथे तीन तास बसलो. सरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. बसायचं ते डोंगराला पाठ लावून, म्हणजे आपली आकृती आकाशावर उठून दिसत नाही. आणि पक्षी यायच्या आधी बसायचं. बसलेल्या माणसाजवळ पक्षी येतो, चालत येणाऱ्यापासून तो जातो.

पहिला आला तो समुद्री बगळा. पाटीच्या दगडासारखा गडद राखाडी, गळ्यावर पांढरा डाग, काळे पाय आणि पायाचे पंजे मात्र पिवळे, जणू हळदीत बुडवलेले. याच जातीत काही बगळे पूर्ण पांढरेही असतात. तो आमच्यापासून वीस फुटांवर एका डबक्याच्या काठाला थांबला. ओहोटीला खडकांच्या खोलग्यांत असं पाणी अडकून राहतं आणि त्यात बोटाएवढे मासे सापडतात. बगळ्याने एक पाय पाण्यात घातला आणि तो पिवळा पंजा नुसता थरथरवला. दगडाखालून मासा हलला. बगळा दोन पावलं तिरका धावला, एक पंख अर्धा उघडून पाण्यावर सावली केली आणि चोच मारली. मासा आडवा धरला होता. तो त्याने हवेत किंचित उडवून सरळ केला आणि डोक्याकडून गिळला. हे सगळं चार-पाच सेकंदांत. माझ्या हातात कॅमेरा नव्हता म्हणून हे सगळं इतकं नीट दिसलं, असं आज वाटतं. नंतर त्याच बगळ्याचे, किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्याचे, मी शेकडो फोटो काढले. पुढे काय होणार ते आधी ठाऊक असल्यामुळेच ते मिळाले. अंतरपाट कधी निघणार हे मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीवरून आम्हाला कळतं आणि आम्ही आधीच तयार असतो. बगळा पंख उघडण्याआधी मान किंचित मागे घेतो. तीच त्याची शेवटची ओळ.

त्या उन्हाळ्यात मी लांबचं जवळ आणणारी जुनी दीडशे-सहाशेची लेन्स घेतली. पण लेन्सने अर्धंच काम होतं. बाकीचं काम पाण्याचं.

समुद्राचं वेळापत्रक ठरलेलं असतं. ओहोटीपासून भरती होईपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात आणि रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी सर्वांत जास्त वर चढतं आणि सर्वांत जास्त खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. आमच्याकडे उधाणाला साधारण दोन मीटरचा फरक पडतो. मुंबईला तो याच्या दुपटीहून जास्त असतो, पण सपाट खडकांवर दोन मीटरही पुष्कळ झाले. नेमक्या वेळेसाठी मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर बघतो, पण ढोबळ हिशेब तिथीवरून होतो. पौर्णिमा-अमावस्येला आमच्या किनाऱ्यावर ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास लागते, भरती अकराच्या सुमारास आणि पुन्हा ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला.

आता हे उजेडाशी जोडून बघा. गोव्याचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे, डोंगरावरून येतो. समोरच्या पक्ष्यांवर थेट उजेड पडतो, डोळ्यात चमक येते, पिसन् पीस मोजता येतं. संध्याकाळी सूर्य समुद्रात, म्हणजे पक्षी नुसती काळी आकृती होतात, पण खडक, लाटा आणि आकाश यांची ती वेळ असते. म्हणून सकाळ पक्ष्यांची आणि संध्याकाळ देखाव्याची, अशी वाटणी मी करून टाकली आहे. उधाणाच्या दिवशी दोन्ही साधतात. सकाळभर पाणी चढत असतं आणि पक्ष्यांना बाहेरच्या खडकांवरून आत, माझ्याकडे ढकलत असतं. संध्याकाळी सूर्यास्ताला पाणी उतरलेलं असतं, बाहेरचे खडक उघडे पडलेले असतात. पेन्सिलीचे गोल एवढ्यासाठी.

तिसरी गोष्ट वारा. थंडीत रात्रभर जमीन निवते आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. शाळेत आपण त्याला मतलई वारे म्हणून शिकलो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेच उतरतो, म्हणजे सकाळी त्याचं तोंड डोंगराकडे असतं. मी डोंगराला पाठ लावून बसलेला. समुद्रावरून येणारा प्रत्येक सुरय माझ्याकडे तोंड करून, पंख उघडून, पाय खाली सोडून उतरतो. साडेदहा-अकराला खारे वारे सुरू झाले की सगळे गर्रकन वळतात आणि मला पाठ दाखवतात. त्या वेळी कॅमेरा पिशवीत घालायचा. सूर्यही तोवर वर आलेला असतो आणि तापलेल्या दगडांवरून हवा लहरायला लागते. कितीही भारी लेन्स असली तरी त्या लहरत्या हवेतून फोटो मऊ, म्हणजे अस्पष्टच येतो.

डोंगराची मात्र एक अडचण आहे. कड्याची सावली खडकांवर साडेआठपर्यंत राहते. दूर पाण्यावर ऊन आधी पोचतं आणि मग ते हळूहळू आपल्याकडे सरकतं. म्हणजे चांगला उजेड आणि मतलई वारा हे दोन्ही मिळतात ते साडेआठ ते दहा, एवढाच वेळ. त्यासाठी पहाटे साडेपाचला घरून निघायचं, अंधारात टॉर्च लावून खडक चढायचे आणि दोन तास थांबायचं. माझी बायको पहिल्या वर्षी म्हणाली होती, लग्नाला तरी इतक्या लवकर उठत नाहीस. आता ती थर्मास भरून ठेवते.

थांबण्याचे ते दोन तास वाया जात नाहीत. पौर्णिमेच्या पहाटे सूर्य उगवायच्या सुमाराला चंद्र समुद्रात मावळत असतो. आमच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढायला रोज हजारो मोबाइल वर होतात, पण हा चंद्रास्त बघायला मी आणि कालवं काढायला आलेल्या बायका, एवढेच असतो. सूर्योदयाच्या आधी पश्चिमेला क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा दिसतो. ती पृथ्वीची स्वतःची सावली. तिच्यावर फिकट गुलाबी पट्टा. चंद्र त्या गुलाबीतून निळ्यात उतरतो. इथे वेळ फार थोडा मिळतो, कारण आधी खडक फार काळे असतात आणि चंद्र फार उजळ. दोघांचा उजेड जुळतो तो दहा-बारा मिनिटं. चंद्र आपल्या व्यासाएवढं अंतर दोन मिनिटांत सरकतो, त्यामुळे लांबच्या लेन्सवर शटर फार वेळ उघडं ठेवलं की तो अंडाकृती येतो. मी अर्ध्या सेकंदाच्या आत राहतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चंद्र पाऊण तास उशिरा मावळतो, तेव्हा ऊन पसरलेलं असतं आणि तो आकाशात विरघळल्यासारखा दिसतो. त्यामुळे नेमकी तिथी साधावी लागते.

मग सुरय येतात. कुरवांपेक्षा बारीक अंगाचे, टोकदार पंखांचे, डोक्यावर मागे वळवलेले काळे केस असावेत तसा तुरा. हरमलच्या खडकांवर दोन जाती शेजारी शेजारी बसलेल्या मला दिसतात. एकाची चोच संत्र्याच्या सालीसारखी, दुसरा आकाराने मोठा आणि त्याची चोच पिकत आलेल्या लिंबासारखी हिरवट पिवळी. नारिंगी चोचीचे सुरय इराणच्या आखातातल्या बेटांवर वीण करतात. सर सांगतात की चोच बघितल्याशिवाय सुरयाचं नाव घेऊ नये, आणि चोचीचा रंग खरा उमटायचा तर पांढऱ्याचा उजेड आधी सांभाळायला हवा.

इथे लग्नांनी मला मदत केली. ख्रिस्ती लग्नात नवरी शुभ्र झग्यात आणि नवरा काळ्या सुटात. कॅमेरा काळं बघून उजेड वाढवतो आणि झग्यावरची सगळी लेस जळून जाते. काळ्या खडकावर पांढरा सुरय म्हणजे तेच. एक स्टॉप कमी करायचा, म्हणजे उजेड निम्मा करायचा, पांढऱ्यातली रेघ न् रेघ राहू द्यायची, खडक काळा आला तर येऊ द्यायचा, तो काळाच आहे. नवीन मुलं स्टुडिओत शिकायला येतात त्यांना मी आता हे सुरयाच्या फोटोवरूनच शिकवतो. उडत्या सुरयाला शटर १/२००० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ ८ च्या आसपास, बसलेल्याला शटर १/८०० पुरतं. समोरची लाट फोकस ओढून नेते, म्हणून पक्षी लाटेच्या वर येईपर्यंत बोट दाबायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या माना बघायच्या. एका पायावर उभा, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, म्हणजे पक्षी निवांत आहे. पिसं विंचरणं थांबलं, दोन्ही पाय खाली आले, माना लांब झाल्या, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय. तेव्हा हात जिथे आहे तिथेच ठेवायचा, श्वासही सावकाश. मिनिटभरात एखादा पुन्हा चोच खुपसतो आणि मग बाकीचे.

ज्या बायकांचा उल्लेख केला त्यातल्या एका मावशींनी मला समुद्र शिकवला. त्या पहाटेच्या ओहोटीला अनवाणी येतात, हातात लहान कोयता आणि कमरेला पिशवी, आणि दगडाला घट्ट चिकटलेली कालवं टिचवून काढतात. मी चांगले ग्रिपचे बूट घालून घसरायचो. त्यांनी दाखवलं की हिरव्या शेवाळावर पाय टाकायचाच नाही, आणि काळा गुळगुळीत ओला दगड शेवाळापेक्षाही वाईट. पांढरट खडबडीत कवचांचा थर असेल तिथेच पाय. तो पाय धरतो, पण हात टेकलात तर हात कापतो. खडकावर जायच्या आधी त्या पाच-दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहतात. मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, दोन-चार एकामागून एक येतात आणि मग बराच वेळ शांत. ती रांग कुठपर्यंत पोचते ते बघून मगच त्या उतरतात. एकदा त्या मला म्हणाल्या, "पुता, उदक मुखावेल्यान येना, फाटल्यान येता." पाणी समोरून येत नाही, पाठीमागून येतं. मी हो म्हटलं. म्हणण्याचा अर्थ मला समजला नव्हता.

तिसऱ्या पौषातली पौर्णिमा. मी एका उंच खडकावर बसलो होतो. पुढे दुसरा सपाट खडक, त्यावर नारिंगी चोचीचे तीस-पस्तीस सुरय. इतक्या जवळ थवा कधी बसला नव्हता. ऊन त्यांच्यावर नुकतंच आलेलं. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम, मग वाढत वाढत तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात. पाचला ओहोटी म्हणजे सात ते नऊची वेळ. तिचा शेवट नेमका माझ्या उजेडात. मी समोरची लाट बघत होतो, ती माझ्या खडकापासून अजून चार फूट खाली होती. माझ्या मागे, खडक आणि किनारा यांच्यामध्ये, येताना मी सहज ओलांडलेला एक चर होता. बाहेरचं पाणी बाजूने वळून त्या चरात शिरत होतं आणि तिकडे मी दीड तास बघितलं नव्हतं.

मावशींची हाक ऐकू आली. "फाटीं पळय रे! उदक भरलां!" मागे बघ रे, पाणी भरलंय.

चरात कमरेइतकं पाणी होतं आणि ते ओढ घेत होतं. मी उठलो. सुरय उडाले, सगळे, मला पाठ करून. ते मी बघितलं आणि वाईट वाटायलाही वेळ नव्हता. लेन्स काढून पिशवीत टाकली, पिशवी डोक्यावर घेतली, कॅमेरा गळ्यात राहिला. मधोमध पोचलो आणि लाटांची रांग आली. पहिलीत पाय टिकले. दुसरीने मला शेवाळावर गुडघ्यावर पाडलं. पाणी छातीपर्यंत आलं. मावशींनी पुढे येऊन माझा दंड धरला. त्यांच्या हाताची पकड अजून आठवते. मी बाहेर आलो तेव्हा त्यांचा स्वतःचा लुगड्याचा काष्टा पूर्ण भिजला होता आणि सकाळभराची कालवं पाण्यात गेली होती.

कॅमेऱ्यातून बॅटरी आणि कार्ड लगेच काढलं आणि चालू करून बघायचा मोह आवरला. गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या कपड्याने पुसला, उघडा करून पंख्याखाली ठेवला. लोक सांगतात तांदळात पुरून ठेव. पण घात ओलीने एकटीने होत नाही, मिठाने होतो. पाणी वाळलं तरी मीठ आतच राहतं आणि हवेतली ओल पिऊन तांबं खातं. चार दिवसांनी दुरुस्तीवाल्याने बोर्डावरची हिरवी बुरशीसारखी पुटं दाखवली. चूक सर्वस्वी माझी होती. माघातली लग्नं समोर होती, म्हापशाच्या एका व्यवसायबंधूने त्याचा जादा कॅमेरा दोन महिने वापरायला दिला आणि भाडं घेतलं नाही. कार्ड वाचलं. त्यावरचे सुरय स्टुडिओत आहेत, त्यांच्या डोळ्यांसकट. मी त्या फोटोंसमोर फार वेळ उभा राहू शकत नाही, कारण पुढचा क्षण मला माहीत आहे.

मावशींना मी त्या दिवसाच्या कालवांचे पैसे द्यायला गेलो. त्यांनी ते घेतले, मोजले आणि जास्तीचे परत केले.

तेव्हापासून भिजला नसला तरी कॅमेरा घरी आल्यावर पुसतोच. खाऱ्या तुषारांचा पातळ थर लेन्सच्या काचेवर येतो, तो कोरड्या कपड्याने पुसला तर मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी ओला कपडा, मग कोरडा. ट्रायपॉडचे पाय उघडून नळाखाली धुतो, सांध्यांतली वाळू काढतो. किनाऱ्यावर लेन्स बदलायची वेळ येऊ नये म्हणून सकाळी एकच आणि संध्याकाळी एकच लेन्स नेतो.

संध्याकाळचं फार सांगत नाही. ते काम सोपं आहे असं नाही, पण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझा अनुभव एवढाच की लाट दुधासारखी करून टाकणारे लांबलचक एक्स्पोजर आमच्या खडकांना शोभत नाहीत. पाणी परत जाताना दगडांच्या मधून ज्या पांढऱ्या रेघा ओढतं, त्या अर्ध्या ते एक सेकंदात उमटतात, आणि त्या रेघांत समुद्राचा जोर दिसतो. शटर लाट येताना नाही, लाट परत फिरल्यावर दाबायचं. सूर्य बुडाल्यावर लोक उठून जातात, पण ओले काळे खडक खरा रंग घेतात तो त्यानंतरच्या वीस मिनिटांत. ट्रायपॉडचा एक पाय फटीत, पिशवी त्याच्या हुकाला वजन म्हणून. आणि मागचा चर दर पाच मिनिटांनी बघायचा, कारण ओहोटी संपली की पाणी पुन्हा वळतं.

पावसाळ्यात तिकडे जात नाही. अपवाद एकदाच झाला. जुलैच्या वादळानंतर किनाऱ्यावर मोठा पांढरा पक्षी बसून आहे, असा कोणीतरी फोन केला. तो बूबी होता, खोल समुद्रावर राहणारा, वाऱ्याने थकवून किनाऱ्याला आणून टाकलेला. मुलं त्याला उचलून पाण्यात सोडायला निघाली होती, मायेनेच. पण इतक्या थकलेल्या पक्ष्याला पाण्यात टाकणं म्हणजे बुडवणं. एका खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वन खात्याला कळवलं. त्याचा मी एकच फोटो काढला, तोही खात्याच्या माणसाने ओळख पटवायला मागितला म्हणून.

या पौषात मी बसायचा खडक बदलला. नवा खडक मागच्या बाजूने वाळूला जोडलेला आहे, मावशींनीच दाखवला. समोरचा सुरयांचा खडक आता पन्नास फुटांवर पडतो. पूर्वीपेक्षा लांब. पक्षी फोटोत लहान येतात, त्यांच्याभोवती पाणी दिसतं, दगड दिसतो, मागून येणारी लाट दिसते, आणि मला ते जास्त आवडायला लागलं आहे.

परवाच्या पौर्णिमेला त्या खडकावर सव्वीस सुरय होते, अधिक एक तपकिरी डोक्याचा कुरव, ज्याची पांढरट बुबुळं इतक्या अंतरावरूनही ओळखू येत होती. नऊनंतर पाणी खडकाच्या कडेला लागलं. सुरय आत सरकले, एकमेकांना चिकटून. सव्वानऊला पहिल्या लाटेने कडेच्या दोघांचे पाय भिजवले. ते उठले आणि दक्षिणेला मोरजीच्या दिशेने गेले. मग तीन. मग कुरव. माझं कार्ड तोवर भरलं होतं, पाठ दगडाला लागून अवघडली होती आणि थर्मास हाताच्या अंतरावर होता, पण तो घ्यायचा तर हलावं लागलं असतं. दहाला खडकावर चौघं राहिले. मावशी कालवांची पिशवी खांद्यावर टाकून वाळूवर उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, नुसती माझ्या मागची वाळू बघून मान हलवली. ती कोरडी होती. दहा वाजून वीस मिनिटांनी लाट पूर्ण खडकावरून गेली आणि शेवटचा सुरय, दोनदा पंख झटकून, उडाला. मग मी उठलो.